अर्धखासगी म्हणजे नक्की कुणाचं?

झोपडवस्तीतल्या जागांवर काम करायचं ठरवलेल्या जवळपास प्रत्येक विद्यार्थ्याच्या प्रपोजलमध्ये एक आकृती असते. तुम्हीही काढली असेल, किंवा पुढच्या महिन्यात काढाल. डावीकडून उजवीकडे चार पट्ट्या: खासगी, अर्धखासगी, अर्धसार्वजनिक, सार्वजनिक. पहिलीत खोली, दुसरीत ओटा, तिसरीत गल्ली, चौथीत रस्ता. शेजारी एक फोटो असतो. ओट्यावर तांदूळ निवडणाऱ्या दोन बायका, मागे निळं पिंप, पुढे एखादं पोर. खाली लिहिलेलं असतं ‘सामुदायिक जीवन’. कमिटीतले सर मान हलवतात आणि आपण पुढच्या स्लाईडवर जातो.

या पोस्टमध्ये मला त्या आकृतीकडे जरा हिशेब मागायचा आहे. ती कुठून आली, काय बरोबर सांगते आणि मुंबईच्या वस्तीत नेली की नेमकी कुठे अडते. मी मूळची पर्यावरणशास्त्राची एम.एस्सी., त्यामुळे मधे थोडं गणित येईल. घाबरू नका, शाळेतल्या वर्गमुळाच्या पुढे जाणार नाही.

पहिली गोष्ट म्हणजे ही आकृती प्रबंधांमध्ये बहुतेक वेळा कुणाच्याही नावाशिवाय येते, जणू तो निसर्गनियमच आहे. तिला चांगले नावागावाचे आईबाप आहेत. ऑस्कर न्यूमन या अमेरिकी वास्तुरचनाकाराचं ‘डिफेन्सिबल स्पेस’ १९७२ साली आलं. त्यांचा प्रश्न होता न्यूयॉर्कच्या सरकारी वसाहतींमधल्या गुन्ह्यांचा. उंच इमारतींमधले लांबलचक पॅसेज, जिने, लिफ्ट यांना कुणीच आपलं मानत नाही, म्हणून तिथे गुन्हेगाराचं फावतं, असं त्यांचं म्हणणं. त्यासाठी त्यांनी ब्रुकलिनमधल्या व्हॅन डाइक आणि ब्राउन्सव्हिल या शेजारशेजारच्या दोन वसाहती तुलनेला घेतल्या. उपाय असा, की रस्त्यापासून दारापर्यंत येताना जागा टप्प्याटप्प्याने ‘आपली’ होत गेली पाहिजे. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. न्यूमनकडे हे टप्पे म्हणजे डिझायनरने द्यायचं औषध आहे. आपण वस्तीत तीच पट्टी लावतो तेव्हा औषधाच्या चिठ्ठीलाच रोग्याचं वर्णन समजतो.

दुसरं नाव डेन्मार्कच्या यान गेल यांचं. ‘लाइफ बिटवीन बिल्डिंग्ज’ मूळ डॅनिशमध्ये १९७१ साली आलं, इंग्रजीत १९८७ साली. माणसं घराबाहेर काय करतात याचे त्यांनी तीन भाग पाडले: करावंच लागतं ते, वाटलं तर करतात ते, आणि या दोन्हींतून होणाऱ्या गाठीभेटी. जागा चांगली असली की दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारची वर्दळ वाढते. घराची कड मऊ हवी, म्हणजे दार आणि रस्ता यांच्यामध्ये टेकायला, रेंगाळायला काहीतरी हवं. पुस्तक सुंदर आहे, जरूर वाचा. मात्र त्यातली माणसं कोपनहेगनची आहेत. घरात उजेड, पाणी आणि संडास असलेली. बाहेर आली तर हौसेने आलेली.

तिसरं नाव आपल्या जवळचं, आणि माझी खरी भांडणतंटा करण्याची इच्छा त्यांच्याशीच आहे, कारण तिघांत आपल्या कामाला सर्वांत उपयोगी तेच आहेत. चार्ल्स कोरिया यांचं ‘द न्यू लँडस्केप’ १९८५ साली मुंबईतूनच प्रसिद्ध झालं. त्यात ते म्हणतात की भारतासारख्या उष्ण देशात घर म्हणजे फक्त खोली नव्हे. घर चार जागांनी मिळून बनतं: कुटुंबाची स्वतःची जागा, जिथे स्वयंपाक, झोपणं, सामान ठेवणं चालतं, दारापुढची जागा, जिथे पोरं खेळतात आणि शेजारणीशी बोलणं होतं, मोहल्ल्याची जागा, म्हणजे नळ किंवा विहीर, आणि सगळ्या शहराचं मैदान. या चारही जागा छपराखालच्या आणि उघड्या आभाळाखालच्या, दोन्ही प्रकारच्या असतात. आणि त्या एकमेकींवर अवलंबून असतात. एकीत कमी पडलं तर दुसरीत थोडं जास्त देऊन भरून काढता येतं.

१९८५ साली हे लिहिणं ही साधी गोष्ट नव्हती. घरबांधणीचं सरकारी धोरण तेव्हाही खोली मोजत होतं आणि आजही खोलीच मोजतं. कोरियांनी सांगितलं की तुम्ही गरीब माणसाला खोली देता आणि उरलेल्या तीन जागा हिशेबात धरत नाही, म्हणून तुमची स्वस्त घरं खरं तर महाग पडतात. त्यांनी हे बांधूनही दाखवलं. बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये सात-सात घरं साधारण आठ मीटर बाय आठ मीटरच्या अंगणाभोवती आहेत, आणि असे तीन गट मिळून एकवीस घरांना सुमारे बारा बाय बाराचं मोठं अंगण. नवी मुंबईत राहणाऱ्यांनी एकदा तरी जाऊन बघा. बरीचशी मूळ घरं आता ओळखू येत नाहीत, पाडून मोठी बांधली आहेत. अंगणं मात्र पुष्कळशी टिकून आहेत.

आता भांडण. कोरियांच्या मांडणीत ‘एकीत कमी, तर दुसरीत जास्त’ ही अदलाबदल कोण करतं? नियोजन करणारा करतो. त्याच्या हातात चारही जागा आहेत, तो तराजू घेऊन बसला आहे. वस्तीत असा तराजू कुणाच्याच हातात नसतो. ज्याची खोली गल्लीच्या तोंडाशी आहे त्याला ओटा मिळतो, ज्याची आत कोपऱ्यात आहे त्याला मिळत नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे अदलाबदलीचा युक्तिवाद उलट्या दिशेनेही चालतो. मुंबईत १९९५ साली झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण, म्हणजे एसआरए, आलं. पुनर्वसनातलं घर सुरुवातीला २२५ चौरस फूट चटईक्षेत्राचं होतं, मग २६९ झालं, २०१८ नंतरच्या नियमावलीत ३००. धारावीसाठी ३५० चा आकडा जाहीर झाला आहे. प्रत्येक वेळी बातमी येते ती वाढलेल्या फुटांची. ओटा गेला, गल्ली गेली, पण आत पंचाहत्तर फूट जास्त मिळाले ना! कोरियांना हे मुळीच अभिप्रेत नव्हतं. पण जागांचं माप एकाच नाण्यात केलं की हा सौदा शक्य होतो, आणि चार पट्ट्यांची आकृती ते नाणं पाडून देते.

म्हणून माझा पहिला आक्षेप पट्ट्यांच्या नावांना नाही, त्या एकाच ओळीत मांडण्याला आहे. खासगीपणा कमी-कमी होत जातो, एवढाच एक गुण घेऊन चारही जागा रांगेत उभ्या केल्या आहेत. ओटा या रांगेत बसतो का? तिथल्या बायका बाहेर का बसल्या आहेत, हे तरी ही रांग सांगते का?

आता गणित घेऊ. मुंबईच्या झोपडवस्तीत बांधकामाची उंची १४ फुटांपर्यंत हा पालिकेचा जुना दंडक आहे. म्हणून तर खाली खोली आणि वर वाकून चालायचा पोटमाळा असं घर तयार होतं. समजा, गल्ली ५ फूट रुंद आहे आणि दोन्ही बाजूंना १४ फुटी भिंती. गल्लीच्या मधोमध जमिनीवरून वर पाहिलं तर मोकळ्या मैदानाच्या मानाने आकाशाचा किती वाटा मिळतो? लांबच लांब सरळ गल्ली गृहीत धरली तर सूत्र सोपं आहे. उंचीची दुप्पट करा, रुंदीने भागा, वर्ग करा, त्यात एक मिळवा, वर्गमूळ काढा आणि एकाला त्या संख्येने भागा. उत्तर साधारण ०.१८. गल्ली ३ फुटांची असेल तर ०.११. त्यात पुढे आलेला पत्रा, ताडपत्री, वाळत घातलेले कपडे धरले नाहीत.

हा झाला गल्लीतला उजेड. घरात काय? बहुतेक खोल्यांच्या तीन भिंती शेजाऱ्याशी सामाईक, म्हणजे खिडकी शक्य असलीच तर फक्त दाराच्या बाजूला. त्या ०.१८ मधला जो काही उजेड आत यायचा तो दारातूनच येतो आणि दोन-तीन पावलांत संपतो. दिवसा सर्वांत उजळ जागा कोणती? उंबऱ्याच्या बाहेरची. तांदळातला खडा, मण्याचं भोक, शर्टाचा सुटलेला धागा, पोराच्या वहीतलं अक्षर, हे सगळं जिथे दिसतं तिथे ती बाई बसते. फोटोखाली तुम्ही लिहिलंत ‘सामुदायिक जीवन’. तिला विचारलंत तर ती कदाचित म्हणेल, आत दिसत नाही.

गेल यांची तीन भागांची वाटणी इथेच कोसळते. काम करावंच लागणारं आहे, बाहेर बसणंही करावंच लागणारं आहे, आणि तरीही त्यातून गाठीभेटी होतात, मैत्री होते, भिशी चालते, सुनेच्या तक्रारी होतात. सक्तीतून आलेला शेजार हा शेजारच असतो. पण त्याला निवड म्हणून लिहिलं की पुढचा माणूस तुमचा प्रबंध दाखवून म्हणेल, बघा, या लोकांना असंच आवडतं.

आता तुम्ही म्हणाल, ही विज्ञानवाली सगळं लक्समीटरवर आणून ठेवते. नाही. उजेडाचं स्पष्टीकरण हरू शकेल अशी परीक्षा लावता येते, म्हणून मला ते आवडतं. तेच कारण असेल तर ज्या घरात चांगली एलईडी ट्यूब लागली आणि बिलाची फार चिंता नाही, तिथे बारीक काम आत गेलं पाहिजे. रात्री तर आत-बाहेर उजेड उलटाच असतो, तेव्हा ओटे ओस पडले पाहिजेत. पडत नाहीत. मे महिन्यात रात्री अकरा वाजता कुठल्याही गल्लीत जा. तेव्हा कारण उकाडा असतो, पत्र्याखालची खोली असते, पाचवीतल्या मुलाला झोपायला आणि बारावीतल्या मुलीला अभ्यासाला एकाच वेळी जागा हवी असणं असतं. एकाच ओट्याला दिवसा एक कारण, रात्री दुसरं, पावसाळ्यात तिसरं. चार पट्ट्यांच्या आकृतीत घड्याळ नाही, ही तिची मोठी उणीव.

घड्याळ लावून बघा काय होतं. पहाटे पाणी येतं. किती वाजता आणि किती वेळ, हे वस्तीगणिक बदलतं, पण येतं तेव्हा सगळ्यांकडे एकदमच येतं. त्या वेळात गल्ली ही गल्ली राहत नाही. नळ्या, मोटर, हंडे, कळशा, पिंपं, त्यांच्यावरून उड्या मारत कामाला जाणारे लोक. कुणाची नळी कुणाच्या दारातून जाईल, आधी कोण भरेल, याचे ठरलेले नियम असतात आणि ते मोडले की होणारी भांडणंही ठरलेली असतात. मग धुणीभांडी, कारण आतली मोरी एका माणसापुरती. दुपारी मणी, पापड, धागे. संध्याकाळी पोरं, कोथिंबीरवाला, क्लासला निघालेल्या मुली. रात्री उभ्या केलेल्या मोटरसायकली आणि खाटा. पाच फुटांची तीच पट्टी चोवीस तासांत चारही पट्ट्यांमधून फिरून येते.

आणि ते निळं पिंप, जे तुमच्या फोटोत इतकं ‘वस्तीसारखं’ दिसतं, ते तिथे का आहे? मुंबईच्या पाण्यावर निखिल आनंद यांचं ‘हायड्रॉलिक सिटी’ आणि लिसा ब्यॉर्कमन यांचं ‘पाइप पॉलिटिक्स, कंटेस्टेड वॉटर्स’ ही दोन पुस्तकं वाचल्याशिवाय वस्तीत जाऊ नका, असं मी ज्युनिअर्सना सांगते. कुठल्या तारखेआधी तुमची झोपडी उभी होती यावर तुमचं अधिकृत पाणी ठरायचं. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये सांगितलं की त्या तारखेनंतरच्या वस्त्यांनाही पाणी नाकारता येणार नाही. म्हणजे ओट्यावरचं पिंप हे जलनीतीचं दारापुढे येऊन बसलेलं रूप आहे. ज्या घराला दिवसभर पाणी येतं त्याच्या दारात पिंप नसतं, आणि तिथे बसायला जागा उरते.

दुसरा आक्षेप ‘अर्ध’ या शब्दाला. अर्धखासगी म्हणजे अर्धं कुणाचं? शब्द इंग्रजीतून उचलला आणि पुढे ‘अर्ध’ लावलं. मराठीत यासाठी एक जुना, रोजच्या वापरातला शब्द असताना. वहिवाट. गावाकडे जमिनीचे वाद पाहिलेल्यांना सांगायला नको. वहिवाटीचा रस्ता अडवला म्हणून लोक तहसीलदाराकडे अर्ज करतात, १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा अजून त्यासाठीच वापरला जातो. वहिवाट म्हणजे वापरातून तयार झालेला हक्क. त्यात कोण वापरतं, किती वर्षं, कुठल्या कामासाठी, शेजाऱ्यांनी ते कधी मान्य केलं आणि कुणी हरकत घेतली, हे सगळं आपोआप विचारलं जातं. ‘अर्धखासगी’ म्हटलं की यातलं काहीच विचारावं लागत नाही.

वहिवाट म्हणून ओट्याकडे पाहिलं की आकृतीत न दिसलेली माणसं दिसू लागतात. पोटमाळ्यावर भाड्याने राहणारं कुटुंब घ्या. त्यांची लोखंडी शिडी बाहेरून चढते आणि खालच्या घराच्या ओट्यावर टेकते. त्यांना ओटा नाही. त्यांना आहे ती शिडीच्या पायापुरती जागा, आणि तीही खालच्या घरमालकिणीच्या मर्जीने. चपला कुठे काढायच्या, पिंप ठेवायचं की नाही, संध्याकाळी शिडीच्या तिसऱ्या पायरीवर बसून फोनवर बोललं तर चालेल की नाही. ज्या आकृतीत प्रत्येक खोलीसमोर एक अर्धखासगी पट्टी आखलेली आहे तिथे हे कुटुंब कुठे दाखवणार? आणि हा फक्त वर्णनातला प्रश्न नाही. धारावीच्या पुनर्विकासात वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांसाठी नियम वेगळे आहेत, तळमजल्यासारखे नाहीत. आपल्या आकृतीला जी माणसं दिसत नाहीत, ती सरकारी यादीतही कडेलाच आहेत.

ओट्यावर कोण बसत नाही, हेही असंच. नवी सून दुपारी बसते की फक्त सासू नसताना? मुलगी वयात आल्यावर तिचं बाहेर बसणं कधी थांबलं? वेगळ्या भाषेच्या, वेगळ्या जातीच्या, वेगळ्या धर्माच्या घरासमोरून जाताना गप्पा जरा थांबतात का? गटारावरची फरशी आठवड्यातून कोण उचलतं आणि गाळ कोण काढतं? सामायिक जागेची साफसफाई कुणाच्या वाट्याला येते, ते पाहिलं की ती कुणाच्या जिवावर सामायिक आहे ते कळतं. या प्रश्नांना प्रश्नावलीत पाच पर्याय देऊन उत्तरं मिळत नाहीत. तिथे जाऊन बसावं लागतं, तेही वेगवेगळ्या वेळी.

धारावीतलाच कुंभारवाडा पाहा. सौराष्ट्रातून आलेली गुजराती कुंभार कुटुंबं तिथे पिढ्यान्‌पिढ्या काम करतात. घरांच्या रांगांच्या मध्ये जी मोकळी जागा आहे तिथे विटांच्या भट्ट्या आहेत, आणि एक भट्टी अनेकदा एकाहून जास्त कुटुंबं वापरतात. माती घरात किंवा दारात मळली जाते, कच्चा माल ओट्यावर आणि अंगणात वाळतो, भट्टीत कापसाच्या गिरणीचा वाया गेलेला माल जळतो, धूर सगळ्यांच्या घरात जातो. आकृतीप्रमाणे ही ‘अर्धसार्वजनिक’ जागा. खरं तर हा कारखाना आहे, आणि त्याला पाळ्या आहेत, पत आहे, धुराबद्दलच्या तक्रारी आहेत. कोरियांच्या यादीत दारापुढची जागा बोलायची आणि खेळायची आहे. कमावण्याची म्हणून ती ठळकपणे येत नाही, आणि मला वाटतं त्यांच्या मांडणीतलं सर्वांत मोठं भोक हेच आहे. इमारतीतल्या सहाव्या मजल्यावरच्या पॅसेजमध्ये गप्पा मारता येतात. मडकी वाळवता येत नाहीत.

याच्या उलट टोकाला एक दुसरा मोह आहे, आणि हुशार विद्यार्थी त्यात जास्त सापडतात. वस्तीतलं सगळंच सुंदर वाटायला लागतं. २००९ मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे युवराज चार्ल्स यांनी धारावीच्या रचनेचं जाहीर कौतुक केलं होतं. ‘स्लमडॉग मिलियनेअर’चा तो काळ होता. तेव्हापासून इंग्रजीत धारावीच्या गल्ल्यांचं गुणगान करणारं बरंच लिहिलं गेलं. त्यातलं काही चांगलं आहे. घर हेच कामाचं अवजार असतं, ही मतियास एशानोव्ह आणि राहुल श्रीवास्तव यांनी मांडलेली कल्पना मला पटते. पण गल्लीच्या प्रेमात पडलेल्या लेखाला एक प्रश्न विचारायचा: रात्री संडासला जायचं असेल तर यातली बाई कुठे आणि कितव्या मिनिटाला पोचते? लेखात उत्तर नसेल, तर तो लेख दिवसा लिहिलेला आहे.

तरीही गल्लीची बाजू घ्यायला एक भक्कम कारण आहे, आणि त्यासाठी पुन्हा तेच सूत्र वापरू. गोवंडी-मानखुर्द भागातल्या काही पुनर्वसन वसाहतींमध्ये सात मजली इमारती एकमेकींपासून जेमतेम तीन मीटरवर आहेत. उंची २१ मीटर धरा, रुंदी ३. उत्तर ०.०७. म्हणजे तळमजल्यासमोरच्या फटीत आकाशाचा जो वाटा मिळतो तो पाच फुटी गल्लीतल्या वाट्याच्या निम्म्याहूनही कमी. तीन फुटी गल्लीसुद्धा त्याहून बरी निघते. या वसाहतींमधला अंधार, कोंदटपणा आणि क्षयरोग यांच्या संबंधावर २०१८ च्या सुमारास अभ्यास झाला आणि वर्तमानपत्रांतही त्याची चर्चा झाली. घराच्या आत संडास आला, नळ आला, दाराला कडी आली, कागदावर नाव आलं. हे लहान नाही, आणि कुणी लहान म्हटलं तर त्याच्याशी वाद घाला. पण उजेडाच्या हिशेबात ते कुटुंब मागे गेलं, आणि हे चौरस फुटांत दिसत नाही.

मग चांगलं काम कसं दिसतं? एक जुनं उदाहरण देते, जे आपल्याकडे कमी वाचलं जातं. १९८४ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाचा गट आणि बाळकृष्ण दोशींचं वास्तुशिल्प फाउंडेशन यांनी इंदूरच्या झोपडवस्त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, ‘हाऊ द अदर हाफ बिल्ड्स’. त्यात मोठे शब्द फार कमी आहेत. दारापुढे काय काय आहे ते मोजून, रेखाटून ठेवलं आहे: छोटी दुकानं, कामाच्या जागा, झाडं, नळ, देवळं, उभ्या केलेल्या सायकली आणि गाड्या, घराची पुढे आलेली टोकं. इंदूरच्याच अरण्य वसाहतीत दोशींनी ओट्यांना आराखड्यातच जागा दिली, आणि त्या प्रकल्पाला १९९५ साली आगा खान पुरस्कार मिळाला. याही अभ्यासावर माझा आक्षेप आहेच. त्यात वस्तूंची नोंद उत्तम, भांडणांची जवळजवळ नाही. झाड दिसतं, झाडाखाली कोण बसू शकत नाही ते दिसत नाही. पण तो आधी पाहतो आणि मग नाव देतो, आणि चार पट्ट्या आधी आखून मग फोटो शोधण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

आता सर्वांत अवघड भाग, ज्याबद्दल मेथडॉलॉजीच्या तासाला कुणी बोलत नाही. समजा, तुम्ही सगळं नीट केलंत. घड्याळ लावलंत, वहिवाटी विचारल्यात, शिडीचा पाया मोजलात. आता नकाशा काढायचा. तो नकाशा कुणाच्या हातात जाईल?

मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ चा आहे. त्याचं कलम ३१२ रस्त्यात अडथळा होईल असं बांधकाम करायला मनाई करतं आणि कलम ३१४ ते नोटीस न देता काढायचा अधिकार आयुक्तांना देतं. वस्तीतली गल्ली या कायद्याच्या अर्थाने रस्ता आहे का, हा स्वतंत्र वादाचा विषय आहे. पण ज्या क्षणी तुम्ही खोलीची रेघ जाड काढता आणि ओट्याची तुटक, त्या क्षणी तुम्ही सांगितलेलं असतं की घर इथे संपतं आणि यापुढचं जास्तीचं आहे. ‘अर्धखासगी’ हा तुमच्यासाठी समाजशास्त्रातला शब्द, वॉर्ड ऑफिससाठी अतिक्रमणाचा पुरावा. दुसरीकडे, ओटा नकाशात दाखवलाच नाही तर पुनर्वसनात त्याची भरपाई मागायला कागद उरत नाही. धारावीत २०२४ पासून घरोघरी सर्वेक्षण सुरू झालं आहे, ड्रोन आणि लेझरच्या मापांसकट. अशा वेळी वस्तीत टेप घेऊन फिरणारा प्रत्येक माणूस लोकांना सर्वेवालाच वाटतो, आणि त्यांच्या बाजूने पाहिलं तर त्यांचं काही चुकत नाही. १९७६ च्या झोपडपट्टी गणनेनंतर मिळालेला फोटोपास घरोघरी अजून प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला असतो. कागदाची किंमत आपल्यापेक्षा त्यांना जास्त कळते.

माझ्या कामात मी सध्या असं करते. आराखडा काढत नाही, छेद काढते: आतली भिंत, उंबरा, ओटा, गटार, समोरचा उंबरा, आणि वर आभाळ. छेदावर अक्षांश-रेखांश नसतो, घर क्रमांक नसतो, पण उंची, रुंदी, उजेड, पाणी, बसणारी माणसं सगळं बसतं. खाली तासांची पट्टी. ओटा आणि खोली एकाच जाडीच्या रेघेने. फोटोंमध्ये दारावरचा सर्वे नंबर येऊ देत नाही. आणि ज्यांचा ओटा आहे त्यांना छेद दाखवून विचारते, हे छापलं तर चालेल का. दोन घरांनी नाही म्हटलं, त्यांचे छेद वहीतच राहिले.

माझ्या गाईडना हे पूर्ण पटलेलं नाही. त्यांचं म्हणणं, आराखडा नसेल तर जागांचे एकमेकांशी असलेले संबंध कसे सिद्ध करणार, आणि परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतील. बरोबर आहे, विचारतील. दोन गल्ल्यांची तुलना करायची तर छेद अपुरा पडतो, हेही खरं. मी त्यावर खऱ्या मापांचा पण जागा न ओळखता येणारा, दिशा बदललेला आराखडा काढून पाहते आहे. तुमच्यापैकी कुणी कोळीवाड्यात, पुण्याच्या जनता वसाहतीत किंवा नागपूरच्या वस्त्यांमध्ये मापं घेत असाल, तर तुमच्याकडे लोकांनी कशाला होकार दिला आणि कशाला नाही, ते मला नक्की कळवा.